पडवी, भिंत आणि मधली बोटभर फट

कोकणातल्या जांभ्याच्या जुन्या घराला पुढच्या अंगाने नवी पडवी किंवा पोर्च घालायचा झाला की एक वाद हमखास उभा राहतो, आणि तो असा की नव्या छपराची मागची कड घराच्या भिंतीला पक्की बांधावी, की पडवी स्वतःच्या खांबांवर स्वतंत्र उभी करून भिंतीपासून थोडी अलग ठेवावी. पहिले मत बहुधा गवंडी आणि सुतार यांचे असते व त्यामागे पिढ्यांचा हात असतो. दुसरे मत संरचना अभियंत्यांचे, म्हणजे इमारतीवर येणाऱ्या भारांचा हिशेब मांडणाऱ्यांचे असते व त्यामागे गणित असते. मात्र अनुभव एका बाजूला आणि गणित दुसऱ्या बाजूला अशी ही विभागणी नाही, कारण जुन्या सुताराच्या सवयीत पुष्कळ गणित दडलेले आहे आणि अभियंत्याच्या आकड्यांतही शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांदेखत उडालेली छपरेच आहेत.

पुढील संवादात ही दोन मते एका मिस्त्रींच्या आणि एका अभियंत्याच्या तोंडी घातली आहेत. दोघेही कल्पित असून मिस्त्रींची बोली सोयीसाठी ग्रंथभाषेत उतरवली आहे, आणि ज्या घराविषयी ते बोलतात तेही नमुन्यादाखल घेतलेले आहे. त्याच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत, चिरे मातीच्या गाऱ्यात बसवलेले आहेत, मुख्य छप्पर कौलारू आहे, आणि समोर सहा मीटर लांब व तीन मीटर रुंद, म्हणजे अठरा चौरस मीटर क्षेत्राची पडवी घालायची आहे. जांभा हा उष्ण आणि पावसाळी हवामानात मूळ खडकाची झीज होऊन लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरल्याने बनलेला सच्छिद्र दगड होय. खाणीतून काढताना तो इतका नरम असतो की हत्याराने सरळ कापता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की कडक होत जातो. मलबारातल्या या दगडाचे वर्णन फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून तो भूशास्त्राच्या पुस्तकांत आला. कोकणातल्या चिरेखाणी अर्थातच त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत.

मिस्त्री : भिंत आयती उभी आहे आणि तिने आजवर इतके पावसाळे काढले आहेत, तेव्हा पडवीचे वासे तिला टेकवले तर मागची खांबांची ओळ वाचते, छप्पर डोलत नाही आणि पडवी घराचाच भाग दिसते. पूर्वीची पडवी अशीच असे; भिंतीत ठरावीक अंतरावर खोबणी ठेवलेल्या असत, त्यांत तुळईची किंवा वाशाची टोके बसत, आणि पुढची कड लाकडी खांबांवर येई. जे घर पहिल्यापासून असे बांधले जाते त्याला नंतर घातलेली पडवी तशीच का नसावी, हे साहेबांनी सांगावे.

अभियंता : खोबणीत टेकलेल्या तुळईबद्दल तक्रार नाही, मिस्त्री, आणि ती का नाही हे आधी सांगणे योग्य होईल. दगडी बांधकामावर वरून भार आला तर ते तो सहज सोसते, कारण चिऱ्यावर चिरा दाबला जातो आणि सांधे अधिक घट्ट होतात. चिऱ्याला प्रत्येक चौरस मिलिमीटरला किमान 3.5 न्यूटन दाब सोसता आला पाहिजे, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. घरबांधणीत वापरल्या जाणाऱ्या साध्या काँक्रिटच्या 20 न्यूटनांपुढे हा आकडा लहान दिसतो, पण पडवीसारख्या हलक्या बांधकामाला तो पुरून उरतो. अडचण दाबाची नाही, ओढीची आहे. भिंतीतला एखादा चिरा बाहेरच्या दिशेला ओढला तर त्याला धरून ठेवायला मातीच्या गाऱ्याजवळ जवळजवळ काहीच नसते. वरच्या चिऱ्यांचे वजन आणि त्यामुळे होणारे घर्षण एवढाच काय तो आधार असतो. म्हणून भिंतीला कोणी टेकले तर तिची हरकत नाही, तिला लोंबकळले तर आहे.

मिस्त्री : लोंबकळायचे कशाला? वासा उतरता असतो, त्याचे वजन खाली येते, आणि खाली येणारे वजन म्हणजे दाबच.

हे उत्तर बिनतोड वाटते आणि कौलारू पडवीपुरते ते बरोबरही आहे. मंगळुरी कौलांचे छप्पर, त्याखालच्या रिपा आणि वासे यांच्यासह, चौरस मीटरला ढोबळमानाने साठ-पासष्ट किलो भरते, म्हणजे नमुन्याच्या पडवीचे छप्पर सुमारे अकराशे किलोंचे होते. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही सपाट, एकमेकांत अडकणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोचली. त्याआधीची नळीची कौले एकमेकांवर चढवून घालावी लागत. दोन्ही प्रकारांत छपराला जागच्या जागी ठेवण्याचे काम मुख्यतः वजनानेच होत असे. तुळईचे टोक खोबणीत नुसते ठेवलेले असे, ते कशानेही खाली बांधलेले नसे, आणि तरी ते निघत नसे.

अभियंता : नव्या पडवीवर कौले येणार आहेत का?

मिस्त्री : नाही. मालकांना पत्रा हवा आहे, कारण कौले दर वर्षी चाळावी लागतात, माकडे ती फोडतात आणि चाळणारा माणूस आता मिळत नाही.

अभियंता : मग सगळा हिशेब तिथेच उलटतो. रंगीत पत्रा चौरस मीटरला पाच किलोंच्या आसपास असतो, आणि खालचे लोखंडी पाइप व आडव्या पट्ट्या धरल्या तरी पंधरा किलोंच्या पुढे जात नाही, म्हणजे संपूर्ण छप्पर पावणेतीनशे किलोंच्या घरात येते. आता वारा पाहा. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग मीटर प्रति सेकंद या मापात घेऊन त्याचा वर्ग केला आणि 0.6 ने गुणले की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो, असे भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात दिले आहे. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 33 मीटर. त्यावरून दाब येतो चौरस मीटरला 667 न्यूटनांच्या आसपास, किंवा बाजारी भाषेत अडुसष्ट किलो. पडवी तीन बाजूंनी उघडी असते, त्यामुळे वारा तिच्यात शिरून छताला खालून वर ढकलतो आणि त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा वरून ओढ निर्माण करतो. या दोन्हींचा एकत्रित परिणाम ढोबळमानाने या दाबाइतकाच धरला, तर अठरा चौरस मीटरांवर बाराशे किलोंहून जास्त उचल येते. छपराचे वजन पावणेतीनशे. उरलेले साडेनऊशे किलो कोणी धरायचे?

या प्रश्नावर मिस्त्री काही काळ बोलत नाहीत असे दाखवणे सोपे होते, पण ते खरे ठरले नसते, कारण कोकणातल्या कोणत्याही कारागिराला हा प्रश्न परका नाही. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग याच पातळीचा होता, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याला समांतर वर सरकले. दोन्ही वेळा घरांवरचे पत्रे मोठ्या प्रमाणावर उडाले. कौलेही उडाली, हे नोंदले पाहिजे. परंतु कौल सुटते तेव्हा ते एकेकटे सुटते आणि पडलेल्या भोकातून वाऱ्याचा जोर ओसरतो, तर पत्रा सुटतो तेव्हा पाइपांसकट आणि कधी कधी भिंतीच्या वरच्या थरासकट सुटतो.

मिस्त्री : वादळानंतर छपरे पुन्हा घालायची कामे कारागिरांनीच केली आहेत, तेव्हा त्यांना हे सांगायला नको. त्यानंतर भिंतीला बोल्ट मारायला सुरुवात झाली. पूर्वी पाइपाचे टोक खोबणीत घालून सिमेंटने बुजवत. आता भिंतीवर लोखंडी पट्टी किंवा चॅनेल आडवे बसवून ते दर दोन फुटांवर फास्टनरने घट्ट करतात आणि पाइप त्याला वेल्डिंगने जोडतात. मग उचल कुठून होणार?

अभियंता : फास्टनर कोणता, आणि तो कशात बसला आहे, यावर उत्तर ठरेल. बाजारात सर्वांत जास्त खपणारा फास्टनर हा फुगणारा असतो. भोकात घालून नट आवळला की त्याची नळी पसरते, भोकाच्या कडांवर दाबली जाते आणि त्या घर्षणावर तो टिकतो. काँक्रिटमध्ये ही पद्धत उत्तम चालते, कारण कडा घट्ट असतात. जांभ्यात भोकांचे जाळे असते आणि दगड ठिसूळ असतो, त्यामुळे नळी पसरली की कडा चुरतात, आणि भोक चिऱ्याच्या टोकाजवळ असले तर चिरा तडकतो. नट आवळताना हाताला पक्के लागल्याचा भास होतो, पण तो भास दगड चुरून होईपर्यंतचाच असतो.

मिस्त्री : म्हणून अलीकडे केमिकल भरतात.

अभियंता : ते अधिक बरे, तरी डोळे झाकून नव्हे. केमिकल अँकर म्हणजे भोकात दोन घटकांचा राळेसारखा लगदा भरून त्यात आट्यांचा दांडा बसवणे; लगदा वाळला की दांडा आणि दगड एकजीव होतात आणि दगडावर फुगण्याचा ताण येत नाही. मात्र सच्छिद्र दगडात लगदा छिद्रांतून आत झिरपून जातो, म्हणून आधी जाळीची नळी घालावी लागते. भोकातली भुकटी ब्रशने आणि हवेने पुन्हा पुन्हा साफ करावी लागते, नाहीतर लगदा दगडाला न चिकटता भुकटीलाच चिकटतो. ही साफसफाई साइटवर सर्वांत आधी गाळली जाते, कारण ती न केल्याचे बाहेरून कधीच दिसत नाही. पण हे सगळे नीट केले तरी मूळ प्रश्न उरतोच : दांडा चिऱ्याला चिकटला, पण चिरा कशाला चिकटला आहे? मातीच्या गाऱ्याला. वादळात दांडा निघणार नाही, दांड्यासकट चिरा निघेल.

इथे वादातला खरा मुद्दा हाती लागतो, आणि तो फास्टनरच्या जातीचा नाही. जोडणीची ताकद म्हणजे बोल्टची ताकद, असा समज कारागीर, दुकानदार आणि घरमालक या तिघांतही रुजलेला आहे. वास्तविक पत्रा, त्याचा स्क्रू, त्याखालची आडवी पट्टी, पाइप, चॅनेल, बोल्ट, चिरा आणि चिऱ्याभोवतीची भिंत ही एकच साखळी आहे, आणि वारा तिच्यातली सर्वांत कच्ची कडी शोधून काढतो. बोल्ट जाड घेतल्याने कच्ची कडी फक्त एक घर पुढे सरकते. दगडमातीच्या भिंतीत ही अडचण आणखी वाढते, कारण जाड भिंत पुष्कळदा दोन पडद्यांची असते, म्हणजे बाहेरचा दगडांचा थर आणि आतला थर यांच्यामध्ये खडी-मातीची भर असते. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातल्या अशा भिंती पडदे सुटून कोसळल्या, आणि त्यानंतर दोन्ही पडदे शिवणारे आरपार दगड किंवा काँक्रिटचे तुकडे घालण्याचा उपाय दुरुस्तीच्या कामात आला. अशा भिंतीच्या बाहेरच्या पडद्याला छप्पर बांधणे म्हणजे तो पडदा बाहेर ओढण्याची व्यवस्था करून ठेवणेच होय.

मिस्त्री : आरपार दगड असतो तसा आरपार बोल्ट का नसावा? भिंतीला एका अंगाने दुसऱ्या अंगापर्यंत भोक पाडायचे, दांडा पलीकडे काढायचा आणि आतल्या बाजूला ताटाएवढी लोखंडी पट्टी लावून नट आवळायचा. मग बाहेरून ओढले की आतली पट्टी भिंतीला दाबते. साहेबांनीच सांगितले आहे की भिंतीला दाब चालतो.

अभियंता : हे मान्य करावेच लागेल. जुन्या दगडी इमारतींच्या फुगलेल्या भिंती आवळण्यासाठी अशाच सळ्या आणि पट्ट्या वापरतात, आणि जांभ्याच्या भिंतीला काही बांधायचेच असेल तर याहून चांगला मार्ग नाही. मात्र वरच्या वजनाची अट विसरता येणार नाही. पडवीचे छप्पर घराच्या वळचणीखाली येते, म्हणजे बोल्ट भिंतीच्या अगदी माथ्याजवळ बसतात. तिथे त्यांच्यावर वजन टाकायला चिऱ्यांचे दोन-तीनच थर उरलेले असतात, आणि उचल झाली तर बोल्ट तेवढे थर घेऊन वर जातील. बोल्ट जितका खाली, तितके त्याच्यावर भिंतीचे वजन अधिक. छप्पर वर बसवून धरण मात्र खाली घ्यायचे, हे जमवायला उभी पट्टी भिंतीलगत खाली आणावी लागते. म्हणजे तो खांबच झाला, फक्त जमिनीपर्यंत न पोचलेला. मग दोन हात आणखी खाली नेऊन त्याला स्वतःचा पाया का देऊ नये?

मिस्त्रींच्या बाजूने इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी अभियंत्याच्या हिशेबात आपोआप येत नाही. लहान छपरे, म्हणजे दारावरचा किंवा खिडकीवरचा मीटरभर पुढे येणारा पत्रा, खांबांशिवाय नुसत्या घोड्यांवर उभी असतात. घोडा म्हणजे भिंतीला लागलेला त्रिकोणी टेकू. मीटरभर पुढे आलेल्या छपराचा दोनशे किलो भार एका घोड्यावर मध्यावर येतो असे धरले, तर तो घोड्याला पायथ्याशी भिंतीवर दाबतो आणि माथ्याशी बाहेर ओढतो. घोड्याची उभी उंची 30 सेंटिमीटर असेल तर माथ्याच्या बोल्टवर ओढ येते सुमारे 333 किलो, आणि तीच उंची 60 सेंटिमीटर केली तर ओढ निम्म्यावर येते. जुन्या वाड्यांच्या सज्ज्याखालचे लाकडी घोडे इतके खोल का असत, याचे उत्तर या भागाकारात आहे. नक्षीला जागा मिळावी म्हणून ते खोल केले असावेत हा समज उलटा आहे. खोली आधी आली, नक्षी नंतर तिच्यावर बसली. आजचे वेल्डिंगचे घोडे मात्र पाइप वाचवण्यासाठी उथळ करतात, आणि तिथे जुन्या सुताराचे शहाणपण नव्या कारागिराने सोडले आहे असे म्हणणे भाग आहे.

मिस्त्री : स्वतंत्र पडवीला मागे वेगळे खांब आले, तर भिंतीलगत पाया खणावा लागेल. जुन्या भिंतीचा पाया किती खोल आहे हे कोणालाच माहीत नसते. तिच्या शेजारी खड्डा घेतला आणि पाऊस आला, तर पडवी राहील बाजूला आणि घराची भिंतच बसेल.

अभियंता : धोका खरा आहे. म्हणून मागचे खांब भिंतीला चिकटवायचे नाहीत. ते दीड-दोन हात पुढे घ्यायचे आणि छप्पर त्यांच्यावरून मागे भिंतीकडे अधांतरी बाहेर काढायचे. जुन्या पायाच्या तळापेक्षा खोल जायचे झाले तर जितके खोल, निदान तितके दूर, हा साधा नियम पाळायचा. खड्डा एका वेळी एकच घ्यायचा, भरायचा, मग दुसरा. आणि हे काम पावसाळा उलटल्यावर करायचे. पायाचे वजनही हिशेबात घ्यायचे. सहाशे मिलिमीटर लांब, रुंद आणि खोल असा काँक्रिटचा ठोकळा पाचशे किलोंच्या थोडा वर भरतो; असे सहा ठोकळे म्हणजे तीन टनांहून अधिक वजन झाले, आणि मघाच्या साडेनऊशे किलो उचलीला ते भरपूर उत्तर आहे. मानकात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे. तो धरला तर एकूण उचल एकवीसशे किलोंच्या पुढे जाते, आणि तेव्हाही हे ठोकळे पुरतात, मात्र तितक्या ऐसपैसपणे नव्हे. खांब ठोकळ्यात नुसता उभा करून चालणार नाही. त्याच्या तळाला आडव्या सळ्या जोडून तो काँक्रिटमध्ये पुरला पाहिजे, किंवा तळपट्टी बोल्टने ठोकळ्याला बांधली पाहिजे. जुना लाकडी खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या घडीव दगडावर, नुसता ठेवलेला असे. वजनाच्या छपराखाली ते चाले.

मिस्त्री : आणि डोलण्याचे काय? भिंतीला बांधलेली पडवी डोलत नाही.

स्वतंत्र पक्षाची ही खरी उणीव आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून उभे केलेले कितीतरी पोर्च वाऱ्यात आणि मुलांच्या झोपाळ्याने हलताना दिसतात. चार किंवा सहा खांबांवर आडवे पाइप ठेवले की जो चौकोन होतो तो आडव्या जोराने सहज तिरका होतो, आणि त्याला रोखायला तिरपे आधार, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यातले टेकू, किंवा पायात घट्ट रोवलेले जाड खांब यांपैकी काहीतरी लागते. गोव्याच्या जुन्या घरांपुढचे बाल्कांव या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत : त्यांचे खांब बहुधा जाड दगडी असतात आणि दोन्ही अंगांना बसण्याचे दगडी बाक त्यांना घट्ट शिवलेले असतात, त्यामुळे शेजाऱ्याशी गप्पा मारायला केलेली ती बैठक खांबांना आडवा आधारही देते. पत्र्याच्या पडवीतही जोत्यापासून हातभर उंचीचा कठडा चिऱ्यांत बांधला तर असाच उपयोग होतो; पण लोखंडी खांबांच्या पडवीत तिरपे टेकू अधिक स्वस्त पडतात आणि ते दिसायला वाईट दिसतात म्हणून नाकारले जातात, ही तक्रार अभियंते आणि मिस्त्री या दोघांचीही आहे.

अभियंता : आडवा आधार भिंतीकडून घ्यायला हरकत नाही, एका अटीवर. छप्पर भिंतीकडे ढकलले गेले तर भिंतीने ते अडवावे, म्हणजे दाब. बाजूला सरकू लागले तर आरपार बोल्टवरच्या एखाद्या पट्टीने अडवावे. पण वर-खाली व्हायला त्याला मोकळीक असावी. पट्टीतले भोक उभे लांबट ठेवले की हे साधते. छपराचे वजन आणि उचल दोन्ही खांबांकडे, डोलणे तेवढे भिंतीकडे.

मिस्त्री : वर-खाली व्हायला मोकळीक कशाला? पाया पक्का असेल तर खांब कुठे जातो?

अभियंता : रत्नागिरीच्या जांभ्याच्या कातळावर तो फारसा कुठे जात नाही. अकोल्यात किंवा परभणीत काळ्या मातीवर हीच पडवी घातली तर जातो. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घराच्या भिंतीवर मोठे वजन असल्याने तिच्याखालची माती थोडी दबून राहते, पण पडवीचा खांब इतका हलका असतो की माती त्याला वर उचलते. घर एका जागी आणि पडवी दर वर्षी वर-खाली, अशा वेळी दोघांना पक्के जोडले तर जिथे जोडले तिथे भिंत फाटते. म्हणून अशा जमिनीत पाया मातीच्या हंगामी हालचालीच्या खाली नेतात. रूडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने तळाशी फुगीर असलेले खुंट याच मातीसाठी विकसित केले. जांभ्याच्या प्रदेशातही जुने घर आपले बसायचे ते केव्हाच बसून गेलेले असते आणि नवा ठोकळा अजून बसायचा असतो. अंगणात पूर्वी भर घातलेली असेल तर फरक बोटभर सहज पडतो.

बोटभर फट ठेवायची म्हटल्यावर मिस्त्रींचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप पुढे येतो, आणि तो पाण्याचा आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. किनाऱ्यावरही तो तीन हजारांच्या घरात असतो, आणि वाऱ्यामुळे तो उभा न पडता आडवा येतो. घराच्या भिंतीवरून ओघळणारे पाणी फटीतून सरळ पडवीत येणार, भिंत आणि छप्पर यांच्या मधल्या लाकडात मुरणार, आणि भिजलेल्या लाकडाला वाळवी लागणार. पाण्याचा हा धोका पक्क्या जोडणीनेही टळत नाही, उलट कित्येकदा तीच त्याला वाट देते. अमेरिकेत घराला लागून लाकडी डेक बांधण्याची पद्धत आहे. तिथे भिंतीला आडवी फळी बोल्टने बसवून डेकच्या तुळया तिच्यावर घेतात, आणि नुसत्या खिळ्यांवर ही फळी ठेवायला तिथले बांधकाम नियम परवानगी देत नाहीत. पण पाण्यापुढे पक्केपणाही पुरत नाही : 16 जून 2015 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे एका इमारतीचा सज्जा तुटून सहा तरुण दगावले. तो सज्जा भिंतीबाहेर काढलेल्या लाकडी तुळयांवर उभा होता, आणि त्या तुळया आत शिरलेल्या पाण्याने कुजल्या होत्या.

मिस्त्री : म्हणून तर फट सिमेंटने बुजवतात.

अभियंता : आणि दुसऱ्याच पावसात तिथे केसाएवढी चीर पडते, जी डोळ्यांना दिसत नाही पण पाण्याला दिसते. पाणी अडवणारा सांधा आणि भार धरणारा सांधा हे एकच असावेत असा आग्रह धरला, की एक हलला तर दुसरा गळतो. दोन वेगळे करावेत. भिंतीत, छपराच्या पातळीच्या हातभर वर, आडवी खाच पाडायची आणि पत्र्याची दुमडलेली पट्टी तिच्यात घालून वरून चुन्याने किंवा सीलंटने बंद करायची. ही पट्टी भिंतीची, ती खाली लोंबत राहते. छपराच्या मागच्या कडेला पत्रा भिंतीकडे वर वळवायचा, दीडशे मिलिमीटर तरी. हा भाग छपराचा. वरची पट्टी खालच्या वळणावर चार बोटे येऊन झाकते, पण त्यांना एकत्र जोडणारा स्क्रू कुठेही मारायचा नाही. पडवी बसली किंवा उठली तरी पट्ट्या एकमेकांवर सरकतात आणि पाणी छपरावरच पडते.

मिस्त्री : स्क्रू मारायचा नाही हे पत्रेवाल्याला सांगून ठेवावे लागेल, कारण मोकळी पट्टी दिसली की तो मारतोच.

अभियंता : आणि समुद्रापासून जवळ असेल तर बोल्ट कोणते हेही. साध्या लोखंडाचा बोल्ट खाऱ्या हवेत गंजतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि त्या फुगवट्याने चिरा आतून फुटतो. 316 जातीचे स्टेनलेस स्टील वापरता आले तर उत्तम. नाहीतर जस्ताचा जाड थर असलेले, आणि एकाच जोडणीत दोन्ही एकत्र नकोत, कारण ओलसर खाऱ्या हवेत स्टेनलेसला चिकटलेले जस्त लवकर संपते.

मिस्त्री : घर जांभ्याचे नसून नवे काँक्रिटचे असते, तर?

अभियंता : तर वादच लहान झाला असता. स्लॅबची तुळई किंवा खिडक्यांवरचा काँक्रिटचा पट्टा सापडला की साधा फुगणारा फास्टनरही चालतो, फक्त आतली सळई चुकवायची आणि कडेपासून अंतर ठेवायचे. मात्र खांब-तुळयांच्या सांगाड्यात नंतर भरलेल्या विटांच्या किंवा हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीला हात लावायचा नाही, कारण ती भिंत नुसता पडदा असते.

मिस्त्री : म्हणजे इथे या घराला मागचे तीन खांब भिंतीपासून दीड हातावर, पुढचे तीन कडेला, ठोकळे दोन फुटांचे, कोपऱ्यांत तिरपे टेकू, मधे बोटभर फट, वर दोन पट्ट्या, आणि भिंतीत दोनच आरपार बोल्ट, लांबट भोकाच्या पट्टीसाठी. मालक विचारतील की इतके लोखंड कशाला, शेजाऱ्याने चार फास्टनरवर भागवले.

अभियंता : शेजाऱ्याची पडवी ‘निसर्ग’च्या आधीची आहे की नंतरची, ते त्यांना विचारायला सांगा, आणि ठोकळ्यांचे खड्डे दिवाळीनंतर घ्या.